दळण आमचं, गिरणी कंपनीची

…आणि वर मलाच विचारतात, ‘कोड तुमचाच ना, मग अडलं कुठं?’ अहो, तिथंच तर मेख आहे! तुम्हाला सांगतो, आम्ही सातआठ जणांनी नोकऱ्या सांभाळून, बायकांची बोलणी खाऊन एक ऑपरेटिंग सिस्टीम लिहिली. फुकट! कुणीही घ्या, बघा, बदला. ती चालते कशात? तर ज्यांचं बोलणं गेलंय त्यांच्यासाठी डबा असतो ना, बटणं दाबली की बोलतो, त्याच्यात. आणि तसा एक डबा आमच्याच घरात, बाबांच्या मांडीवर!

आता त्या डब्याचं झालं असं, की आमच्याच एका चुकीनं कुठलंही बटण दाबा, वाक्य एकच. ‘मी बरा आहे.’ बाबा पाठदुखीनं घामाघूम, डॉक्टर विचारतायत ‘काय होतंय?’ आणि डबा म्हणतो, ‘मी बरा आहे!’ डॉक्टर गेले की पुढच्या पेशंटकडे! बाबांनी माझ्याकडे असं बघितलं… मेल्याहून मेल्यासारखं झालं हो.

चूक सापडली. एक ओळ! बायको म्हणाली, ‘मग बदला की, बघत काय बसलात?’ बदलली. पण नुसतं बदलून भागतं का? आपण लिहिलेलं यंत्राला कळत नाही, ते दळून द्यावं लागतं, आणि दळतो तो कंपायलर. दळण आमचं, गिरणी कंपनीची! डब्यातल्या त्या चिपला दुसरा कंपायलरच नाही, आणि डबा बनवणाऱ्या कंपनीनं हा केला बंद. उघडला की म्हणतो, ‘परवान्याची मुदत संपली.’ कोड मात्र खुला हं!

फोन लावला. पलीकडे एक बाई, आवाजात नुसती साखर. ‘सर, ते उत्पादन आम्ही सन्मानानं निवृत्त केलंय.’ अहो, निवृत्त करा, सत्कार करा, पण एकदा, एकदाच चालवू द्या! ‘सर, आपली भावना समजते.’ समजते ना? मग द्या परवाना! ‘सर, तशी सोय नाही.’

ती दुरुस्त ओळ इंटरनेटवर सगळ्यांसमोर ठेवली. जगभरातून कौतुक! ‘वा! काय सुंदर दुरुस्ती!’ अरे, पण दळणार कोण? नवा कंपायलर लिहायचा, तर तोवर बाबांनी काय करायचं? इकडे ते रागानं डबा आपटतात, डबा म्हणतो, ‘मी बरा आहे.’ कोड मात्र खुला!

शेवटी त्या बाईंचाच फोन. ‘सर, आमचा नवा डबा आलाय, माणूस पाठवू?’ आला, टायबिय लावून. डबा सुरू केला, तर आत काय? आमची सिस्टीम! आमचीच! वर म्हणतो, ‘ते एकच वाक्य बोलायची भानगडही यात दुरुस्त केलीय.’ मी ओरडलो, ‘अहो, ती ओळ माझी आहे!’ तर हसून म्हणतो, ‘हो ना सर, कोड खुला आहे ना!’

काय करता? घेतला, पुरे पैसे मोजून. बाबांना बोलायला नको? सगळे भोवती जमलो. बाबांनी एकेक अक्षर शोधून, सावकाश, इतक्या महिन्यांनंतरचं पहिलं वाक्य जुळवलं. आणि डबा खणखणीत आवाजात म्हणाला,

‘गाढवा, निदान सूट तरी मागायचीस!’