गाडीत जागं कोण होतं

गाडीत जागं कोण होतं, एवढंच विचारलं होतं मी. कुणी सांगितलं का? नाही सांगितलं — बसा तुम्ही, चाकाला वेळ लागेल. जर्मनीची नंबरप्लेट आणि टायर असे गुळगुळीत. गाडी मात्र धुतलेली. खालच्या झऱ्यावर धुतलीत ना? सगळे धुतात. चार देशांची धूळ तिथं उतरवायची आणि गावात नव्या नवरीसारखं शिरायचं.

माझा थोरला भाऊ, नेजातीदादा — रेम्झीकाकांनी त्याला इथूनच जावई करून नेला. जर्मनीत आमचं हॉटेल आहे म्हणाले. हॉटेल कसलं, कबाबचा गाळा, दादा दिवसभर कांदे चिरायचा. दर ऑगस्टला सगळ्यांना घेऊन जर्मनीहून इथं तुर्कस्तानात गावी यायचं, तर गाडीही त्यानंच चालवायची. यंदा काकांना शुक्रवारची नमाज सुटताना गावात शिरायचं होतं — मशिदीतून माणसं बाहेर पडतात, नवी गाडी दिसली पाहिजे. म्हणून मुक्काम नाही. बल्गेरियात नाही, इस्तंबूललाही नाही. दादा फोनवर म्हणाला, डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होतंय रे. थांब की मग, म्हटलं. तर म्हणतो, काका रागावतील.

गाव दिसतं तिथून, त्या बीटच्या शेतापाशी गाडी उलटली. मीच काढला त्याला, ह्याच पहारीनं दार उचकटून. बाकीच्यांना खरचटलं नुसतं. काका रस्त्यावर बसून काय विचारत होते? विम्याचे कागद कुठंयत.

दफन झाल्यावर मी विचारलं — जागं कोण होतं? काका म्हणाले, नशीब. वहिनी रडायला लागली. मग काकांनी मला बाजूला घेतलं — तू चल आता, गाळ्यावर माणूस लागेल. कबरीची माती ओली होती हो. मी काय बोललो? पासपोर्टला किती दिवस लागतात, तेवढं विचारलं — असं बघू नका. विचारलं, झालं.

काल गेले सगळे, भाड्याच्या गाडीनं, इथूनच, घर दुकानामागंच आहे. मागच्या सीटवर दादाची एल्मास, सहा वर्षांची. दादा सांगायचा, मला झोप येऊ नये म्हणून ही मागून मानेला गुदगुल्या करते. मी खिडकीशी वाकलो. प्रश्न ओठांवर आला होता. ती बघत होती माझ्याकडं — विचारेल आता हा, अशी. नाही विचारलं. मळमळलं तर काच खाली कर, म्हटलं.

झालं चाक. पैसे तिथं ठेवा आणि निघा. नाही, तुमच्यामागं नाही ओतणार पाणी, तुम्ही पुढच्या ऑगस्टला न बोलावता याल. काल आईनं तांब्या दिला होता हातात, गाडीमागं ओतायला, गेलेलं माणूस पाण्यासारखं परत यावं म्हणून. काकांसाठी थेंब सांडला नसता मी. तांब्या खाली ठेवला, ही पंक्चर बघायची बादली उचलली, काठोकाठ भरलेली, आणि एल्मासच्या मागं सगळी ओतली.