डिस्प्लेचा पलंग

—छे हो, झोपलो नाहीये, नुसते डोळे मिटलेत. बोला की. किंमत? ती पाटीवर आहे, पण वाचू नका, उगाच त्रास होईल. मी? मी दुकानातला नाही — चपला खाली काढून ठेवल्यात बघा, दुकानातला माणूस असा चपला काढून पलंगावर चढेल का? तुम्हाला हाच हवाय? लग्न ठरलंय वाटतं... वा, वा. पण हा नका घेऊ. शेजारचा बघा, त्याला खण आहेत. हा कुरकुरतो. नाही, आत्ता नाही कुरकुरणार, माणूस बघून कुरकुरतो.

बसा, बसा, टेका जरा. महाग तर सगळंच झालंय, तुम्हाला काय सांगायचं? आमच्या घरी — म्हणजे धाकट्याच्या घरी — सूनबाईंचा नियम आहे, एका वेळी एकाच खोलीत दिवा. नात अभ्यासाला बसली की आम्ही सगळ्यांनी तिच्या मागे जाऊन बसायचं, सूनबाई भाजी चिरायला उठली की अख्खं घर स्वयंपाकघरात — पोरीच्या भूगोलाच्या वहीला कांद्याचा वास येतो. टीव्ही विकून टाकला. समोरच्यांचा दिसतो ना खिडकीतून! आवाज येत नाही, म्हणून संवाद आमचा धाकटा म्हणतो. छान म्हणतो, अगदी आवाज बदलून. फक्त त्याच्या मालिकेतली सासू फार प्रेमळ होती, आणि मग खाली पाणी भरताना सूनबाईला कळलं की खऱ्या मालिकेत तिनं चौघांना विष घातलंय. केवढं रामायण झालं घरात! मला फसवलंत म्हणाली.

त्याच सुमाराला भाडं वाढलं, औषधं वाढली, आणि दोघे भाऊ बोलायला बसले. थोरला म्हणाला, एका घराला दोन म्हातारी माणसं झेपत नाहीत आता. वाईट नाही हो तो, रडत रडत म्हणाला. मग चिठ्ठ्या टाकल्या. त्यांची आई थोरल्याच्या वाट्याला गेली, मी धाकट्याच्या. थोरली सून खूशच झाली — आमच्या हिच्या हाताला चव आहे, शिवण येतं, विणकाम येतं. माझी चिठ्ठी उघडल्यावर धाकटी म्हणाली, ''पुन्हा एकदा टाकूया का?'' गमतीत म्हणाली. गमतीतच असणार.

इथे कसे आलो? ही माझा स्वेटर द्यायला आली होती, गल्लीच्या तोंडाशीच भेटलो. ऊन मरणाचं, बसायला जागा नाही, आणि या दुकानात गारवा. आत शिरलो तर तो सेल्समन — तो हो, टाय लावलेला — स्वतःच्या तोंडानं म्हणाला, ''आजोबा, आडवे होऊन बघा.'' झालो आडवे! दोघांनाही गाढ झोप लागली. जागे झालो तर भोवती ही गर्दी, आणि मॅनेजर आमच्याकडं बघून हात जोडतोय. आम्हाला झोपलेलं बघून लोकांनी पलंग घेतले ना! तेव्हापासून रोज या म्हणाला. अट एकच, भांडायचं नाही. आता लग्न इतकं जुनं झाल्यावर न भांडता कसं चालेल? तेवढं कुजबुजत उरकतो.

ही बेडरूमच झालीये आमची. ती पुस्तकं बघा, आतून पोकळ. तो टीव्ही पुठ्ठ्याचा. पण ही रोज पदरानं पुसते. परवा म्हणाली, ''बंद करा तो, डोकं दुखतंय.'' आणि मी उठून बंद केला. खरंच, तिला बरं वाटलं.

पोरांना? पोरांना नाही सांगितलं. मी वाचनालयात जातो, ती भजना— नाही, ती डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाते. रोज. थोरल्याला काही वाटतच नाही त्याचं, इतके कुठले डोळे असतात? आणि सांगून काय सांगू, तुमची आई मला भेटते म्हणून? चोरून? पूर्वी घरात दोन दोन वाक्यं बोलायचो आम्ही, मीठ दे, दार लाव. इथे मात्र तिनं मला तिच्या लहानपणीच्या विहिरीची गोष्ट सांगितली. ती त्यात पडली होती, माहीत होतं का मला? इतक्या वर्षांत नाही.

अहो, तुम्ही त्याला हात करून बोलावताय का? थांबा. थांबा ना. डिस्प्लेचा म्हणून स्वस्त मिळेल, कळतंय मला, नवा संसार आहे, कळतंय. पण याची ती बाजू दबलीये — बघा, हात लावून बघा — तिथे ती निजते. तुमच्या बायकोला रुतेल. तुम्ही... काय? महिनाअखेर? बरं. महिनाअखेरीला न्या. देव तुमचं भलं करो. नाही, नाही, मी मधे येणार नाही, उलट चादर घालून देईन.

ती बघा, दारातून आली. छत्री मिटतेय. हिला काही बोलू नका. आणि उठा आता तुम्ही — उठा, उठा, बायकोमाणूस येतंय, कुणाच्या बेडरूममध्ये असं बसून राहतात का? जाताना तेवढा पडदा ओढून घ्या.