जिवंत माणसाचं नाव

माननीय अध्यक्ष, नगराध्यक्षा महोदया, व्यासपीठावरचे सर्व रब्बी, आणि माझ्याकडे बघत नाक मात्र मासळीच्या पातेल्याकडे लावून बसलेल्या तिबेरियाकर बंधुभगिनींनो,

रब्बी मखलूफ आज निवृत्त होताहेत. चाळीस वर्षं ते मोरोक्कोवाल्या ज्यूंच्या प्रार्थनागृहात धर्मगुरू आणि मी, झेलिग लँडसबर्ग, समोरच्या लिथुआनियावाल्यांच्या. मधे एक गल्ली. आमचं एकमत कधी झालं? वल्हांडणाच्या सणात ते भात खातात; आमच्यात तो वर्ज्य, मी शिवत नाही. तरी त्या सात दिवसांत त्यांच्या घरी माझ्यासाठी वेगळं पातेलं चढतं.

पुढे आम्ही व्याही झालो. त्यांची मुलगी, माझा मुलगा. वर्षाच्या आत नातू झाला. मखलूफना सहा मुली. मोरोक्कन आजोबाला आपलं नाव लावलेला नातू डोळ्यांनी पाहणं म्हणजे जन्माचं सार्थक. पण पहिल्या पाच मुलींच्या मुलांना सासरच्या आजोबांची नावं गेलेली. हा शेवटचा पाळणा. आणि आमच्यात? नाव ठेवायचं ते गेलेल्याचं; जिवंत माणसाचं नाव बाळाला ठेवणं म्हणजे त्याच्या मरणाला आवतण.

माझे वडील फायवेल त्याच वर्षी गेलेले. बारशाच्या आदल्या दिवशी मखलूफ आले. "व्याहीबुवा, नाव फायवेलच ठेवायचं. तुमच्या घरात भीती घालून मला मान नको."

आमची मंडळी आतून म्हणाली, "बघा, याला म्हणतात शहाणा माणूस. नाहीतर तुम्ही."

दुसऱ्या दिवशी बाळ त्यांच्या मांडीवर. नाव पुकारायचं काम माझं. मी पुकारलं, "मखलूफ." ते हलले नाहीत, मांडीवर बाळ होतं. दाढी मात्र भिजली. जेवताना म्हणाले, "फार हट्टी आहात." तेव्हापासून गाव पोराला मखलूफ म्हणतं, हे एकटे त्याला फायवेल म्हणतात. माझ्या वडिलांचं नाव रोज माझ्या कानावर पडतं ते यांच्या तोंडून.

आमच्या मंडळींनी दोन वर्षं धसका घेतला होता. व्याहीबुवा शिंकले की ती गल्ली ओलांडून बघायला जायची. आज हे ब्याऐंशीचे आहेत. त्यांचे दोन डॉक्टर निवृत्त झाले.

तो नातू समोर बसलाय, बायकोसह. पुढच्या महिन्यात त्यांच्याकडे पाळणा हलेल. व्याहीबुवा, खुणा करू नका, माईक माझ्याकडे आहे. बाळांनो, मुलगा झाला तर माझ्या मरणाची वाट पाहू नका. झेलिग ठेवा. यांनी पंचवीस वर्षं जे सुख भोगलं, ते मलाही हवंय.

गल्लीच्या दोन्ही बाजूंचे आभार. भाषणात उणं-अधिक झालं असेल, तर पोटात घाला. त्या बारशाबद्दल मात्र मी माफी मागणार नाही.