चुलवाणात गेलेल्या गोळ्या

माझं माहेर केंदूरचं, तिकडं शिरूर तालुक्यात, आन् आता मी ऱ्हाते हिकडं दौंड तालुक्यात, वरवंडपासून आत एका वाडीवर. मधी काय काय झालं ते सांगते, पण माझी दोन लग्नं झाली हे आधीच सांगून ठिवते ताई, न्हाईतर पुढचं तुम्हाला कळायचं न्हाई. बाप माझा कांदा-बाजरीवाला, आम्ही तिघी बहिणी आन् एक भाऊ, मी शेंडेफळ. शाळेत हुशार व्हते असं मास्तर म्हणायचे, पण हुशार हाय म्हणून काय कोण ठिवतंय घरात, दहावी झाली की दिली शिरूरला.

पयले मालक माझे हायवेच्या एका हाटेलात आचारी व्हते. माणूस वाईट न्हवता, खोटं कशाला बोलू. हाताला चव लई. सणाला घरी आले की मला चुलीपशी येऊ द्यायचे न्हाईत, बस म्हणायचे, आज मी करतो. मग त्यांना खोकला लागला, ताप जाईना, जुलाब थांबंनात, अंगावरचं सगळं मांस गेलं, कपडे दोरीवर टाकल्यासारखे दिसायचे. घरच्यांनी बाहेरचं बघितलं, अंगारे झाले, कोंबडं झालं, आन् दवाखान्यात नेलं तवा डॉक्टरांनी मला बाहेर बोलवून सांगितलं, बाई, तुझंबी रक्त तपासावं लागंल. मला एड्स हा शब्द एष्टीवरच्या पाटीवर वाचून ठावं व्हता, बाकी काय न्हाई. ते गेले. तेराव्याला सासऱ्यानं माझ्या भावाला सांगितलं, घिऊन जा. भावानं माझी पिशवी उचलली आन् गाडीवर बसवलं.

केंदूरला आले ती मराय आलेच असं सगळ्यांनी धरलं व्हतं. मलाबी टीबी झालेली. भाऊ मला पुण्याला मोठ्या सरकारी दवाखान्यात घिऊन जायचा, कारण तवा ह्या आजाराच्या गोळ्या आपल्या हितं मिळत न्हवत्या. आधी टीबीच्या गोळ्या, मग ह्या. काय सांगू तुम्हाला, त्या पयल्या गोळ्या लई कडक. पाय असे जळायचे की मी ओल्या फरशीवर पाय ठिवून बसायची, गालफडं आत गेली. आन् एक मोठी पांढरी गोळी वेगळी द्यायचे, तिला सेप्ट्रान म्हणत्यात. म्या इचारलं ही कशाला, तर तिथली समुपदेशक मॅडम म्हणली, त्या गोळ्या आजाराला दाबून ठिवत्यात, पण तुझी ताकद पार तळाला गेलीया, अशा अंगात कायबी शिरतं, छातीत न्युमोनिया व्हतो, म्हणून तवर ही राखणीला. बरं म्हणलं. गिळली. मला जगायचं व्हतं का न्हाई ते म्या तवा इचारच केला न्हाई, भाऊ पाणी घिऊन हुभा ऱ्हायचा, म्हणून गिळायची. आन् गिळता गिळता अंग भरलं, भूक लागाय लागली, परत कांदे काढाय जाया लागले.

त्याच दवाखान्यात बाकड्यावर ह्ये भेटले. आताचे मालक. दौंडकडचे, गुऱ्हाळावर गुळव्या व्हते. गुळव्या म्हंजी जो रस कवा गूळ होणार ते वळखतो तो, त्याच्या शब्दावर काहील, म्हंजी रसाची मोठी कढई, उतारत्यात. बाकड्यावर सगळे खाली मान घालून बसायचे, ह्ये एकटे गप्पा मारायचे, कोण कुठला, पाऊस किती झाला, उसाचं काय. आम्हाला हसाय यायचं. मॅडमनीच इषय काढला, दोघं एकटी हायसा, दोघांच्या गोळ्या एक, इचार करा. ह्ये मला म्हणले, मला हे कुठनं आलं ते मी सांगणार न्हाई, तुलाबी इचारणार न्हाई. म्या म्हणलं चाललं. भावानं लग्न लावून दिलं, देवळात, पाच-धा माणसांत.

आन् बरं चाललं व्हतं हो. लई बरं चाललं व्हतं. रातच्याला जेवणं झाली की ह्ये पाण्याचा तांब्या आणायचे, मी दोघांच्या गोळ्या काढायची, आन् दोघं सोबत गिळायचो. सासूला सांगितलं व्हतं की ताकदीच्या हायत्या. मग दिवस गेले. मी घाबरले, पोटातल्या जीवाला आपलं दुखणं देऊन कसं चालंल. डॉक्टरीन बाईंनी समजून सांगितलं, गोळी सोडू नको, बाळंतपण दवाखान्यातच कर, बाळ झालं की त्याला औषधाचे थेंब देऊ, बहुतेक बाळाला काय व्हायचं न्हाई. बहुतेक म्हणल्या. मी त्या बहुतेक शब्दावर नऊ महिने काढले. पोरगी झाली. अंगावरचं पाजायचं का वरचं, असं त्यांनी इचारलं तवा म्या वरचं निवडलं, सासूला सांगितलं दूध आलंच न्हाई, आन् दूध तर असं आलेलं की पदर भिजायचा, मोरीत जाऊन पिळून टाकायची आन् रडायची. पोरीचं रक्त एकदा तपासलं, परत तपासलं, आन् दीड वर्साची झाली तवा शेवटचं तपासून मॅडम म्हणल्या, काय न्हाई हिला, मोकळी हाय. ह्यांनी तिथंच, दवाखान्यात, खाली बसून जमिनीला डोकं टेकवलं. तिचं नाव प्रगती.

पुढं गुऱ्हाळं सगळी भाड्यानं गेली, तिकडची यूपीची माणसं आली, त्यांचे त्यांचे गुळवे. ह्ये मग कंपनीत लागले, ठेकेदाराच्या हाताखाली. रातपाळी असली की गोळी कंपनीत घ्यावी लागायची. डबा वाजतो म्हणून ह्ये एक-एक गोळी तंबाखूच्या डबीत टाकून न्यायचे. तरीबी एकानं बघितली. त्याच्या चुलत्याला तीच गोळी चालू व्हती, त्यानं बरोबर वळखली. आठवड्यात ठेकेदारानं बोलावून सांगितलं, तेरे को कल से नहीं आना. का म्हणून इचारलं तर नुसतं गेटकडं बोट. मॅडम म्हणल्या, असं काढता येत न्हाई, कायदा हाय, तक्रार करू. ह्ये म्हणले, तक्रार केली की गावाला कळंल, पोरगी शाळेत जाती माझी. आन् घरी आल्यावर मला म्हणले, ही गोळी माणसाला जगवती का माणसाची दवंडी पिटवती गं? म्या म्हणलं, अवो काय बोलताय, हिच्यामुळं तर बसलोय हितं.

मग लांब एका गुऱ्हाळावर काम मिळालं, गुळव्याचं न्हाई, चुलवाणात, म्हंजी काहिलीखालच्या भट्टीत, चिपाडं घालायचं. ज्यानं काहिलीवर हुभा राहून हुकूम सोडला त्यानं आता खाली आगीपशी बसायचं. तिथंच ऱ्हायचे, अधनंमधनं घरी यायचे. गोळ्या सोबत न्यायचे. मी इचारायची, घेता का वेळंवर, तर व्हय म्हणायचे. घरी आले की डबा रिकामा असायचा, मग मला तरी काय कळावं. पण माणूस वाळाय लागला. तोंडात पांढरं पांढरं आलं, तिखट सोसंना. मी म्हणायची आगीपशी बसून उष्णता झाली, ताक प्या. मग डोकं दुखाय लागलं. साधं न्हाई ताई, डोकं भितीवर आपटायचे, उजेड सोसायचा न्हाई, गोधडी पांघरून बसायचे भर दुपारी, वकाऱ्या यायच्या. एक दिवस प्रगती पाणी घिऊन गेली तर तिलाच म्हणले, तू कोणाची गं?

भाऊबंदातल्या पोराच्या गाडीत घालून खाजगी दवाखान्यात नेलं. डॉक्टर आपले इचारतायत, शुगर हाय का, बीपी हाय का, आधीचं काय औषध चालू हाय का. ह्यांनी त्याही अवस्थेत माझं मनगट असं धरलं, असं दाबलं, बांगडी फुटून रुतली. मला कळलं, सांगू नको म्हणतायत. मागं तो भाऊबंदाचा पोरगा हुभा. मी एकदा ह्यांच्याकडं बघितलं, एकदा त्या पोराकडं, आन् म्या सांगितलं. साहेब, आम्हाला दोघांनाबी एचआयव्ही हाय, गोळ्या चालू हायत्या. मोठ्यानं सांगितलं, पुटपुटून न्हाई. डॉक्टर भला माणूस, त्यानं लावाय घेतलेलं सलाईन तिथंच थांबवलं, म्हणला हितं ठिवू नका, पुण्याला न्या, आत्ताच्या आत्ता, आन् गाडी बोलावून दिली. हात माझा सुटला मग. पण ह्यांनी तोंड फिरवलं ते पुण्यापातूर फिरवलेलंच.

पुण्याला पाठीच्या मणक्यात सुई घालून पाणी काढलं, तपासलं, तर म्हणले डोक्यात बुरशी झालीया. बुरशी, जशी भाकरीवर येती तशी. डॉक्टर पोरसवदा व्हता, मला म्हणला, ताई, गोळ्या नीट चालू असत्या तर ही बहुतेक झाली नसती, इचारा त्यांना कवापासून बंद हायत्या. मी म्हणलं, न्हाई साहेब, डबे रिकामे व्हत्यात. तवा ह्यांनी डोळे न उघडता सांगितलं, चुलवाणात टाकायचो. मला आधी वाटलं भ्रमात बोलतायत. परत म्हणले, कंपनीतनं आलो तवापासनं, रोजची एक, चिपाडासंगं. आगीत पडली की कळायचंबी न्हाई.

त्या बुरशीवर एक इंजेक्शन असतंय, सलाईनमधनं देत्यात, ते चालू केलं की ह्ये असे थडथड उडायचे, चार गोधड्या टाकल्या तरी हुडहुडी. रोज रक्त तपासायचे, मूत्रपिंडाला झेपतंय का बघाय. परत परत मणक्यातनं पाणी काढायचं, डोक्यातला दाब कमी व्हावा म्हणून. मला वाटलं आता एचआयव्हीच्या गोळ्याबी चालू करतील लगीच, तर म्हणले न्हाई, आधी बुरशी मरू द्या, घाई केली तर उलट मेंदूला सूज यील. म्हंजी ज्या गोळ्या आगीत घातल्या त्याच आता मागितल्या तरी मिळनात. मी त्या वार्डात भितीला टेकून बसायची. शेजारच्या खाटंवर एक पोरगं व्हतं लग्नाच्या वयाचं, त्यालाबी हेच, ते गेलं. त्याची आई आन् मी एका डब्यात जेवायचो.

ह्ये वाचले. पण डोळे गेले. दाबानं नस सुकली म्हणले, आता परत यायचे न्हाईत.

घरी आणलं तवर गावाला सगळं ठावं झालेलं. तोंडावर कोण कायच बोललं न्हाई, तसं आपल्याकडं बोलत न्हाईत. फक्त आमच्या गायीचं दूध घ्यायचं बंद झालं. दूध गोळा करणारा म्हणला, वैनी, माझं काय न्हाई, पण बाकीची माणसं किटलीत तुमचं दूध ओतू देत न्हाईत. म्या म्हणलं, आजार मला हाय, गायीला न्हाई. किटली उचलून गेला. गाय इकली. सासू तवा व्हती, तिनं म्हातारपणी एवढंच इचारलं, ताकदीच्या गोळ्या म्हंजी ह्याच का गं? व्हय म्हणलं. तिनं पदर तोंडाला लावला आन् उठून चहा ठिवला मला. परत तिनं इषय काढला न्हाई, मरूस्तवर.

प्रगती नववीत हाय. तिला शाळेत पोरींनी सांगितलं. घरी आली, दप्तर टाकलं न्हाई, तसंच पाठीला, आन् मला म्हणली, आई, अप्पांना एड्स हाय? म्या म्हणलं, एचआयव्ही हाय, अप्पांना हाय आन् मलाबी हाय. पोरगी पांढरी पडली. मग मला? न्हाई. मला का न्हाई? म्या म्हणलं, तू पोटात असताना मी एक बी गोळी चुकवली न्हाई म्हणून. हे सगळं ह्ये बाहेर बाजंवर बसून ऐकत व्हते. पोरगी बाहेर गेली, त्यांच्या म्होरं हुभी ऱ्हायली आन् म्हणली, आईनं माझ्यासाठी घेतल्या, तुम्ही माझ्यासाठी का न्हाई घेतल्या? डोळे गेले तरी पाणी येतंय हो, ते काय सुकत न्हाई. लई दिवस ती त्यांच्याशी बोलली न्हाई. आता बोलती, ताट वाढती, हात धरून मोरीपातूर नेती, पण आधीसारखं मांडीवर डोकं न्हाई ठिवत. ठिवंल कवातरी. न्हाई ठिवलं तर ते तिचं.

आता गोळी लई सुधारली. एकच हाय, सकाळी घेतली तरी चालती, पाय जळत न्हाईत, चक्कर न्हाई. दौंडलाच मिळती. ह्यांना त्यासंगं बुरशी परत यिऊ नये म्हणून एक, आन् राखणीची ती मोठी पांढरी. मी शेवंती तोडाय जाते, माझे रिपोर्ट बरे येत्यात, रक्तात आजार दिसत न्हाई म्हणत्यात. तुम्ही हे लिवा, नावं तेवढी बदला, पोरीसाठी. कोणाच्या घरात ही गोळी असंल तर त्यांच्यापातूर जाऊ द्या, देव त्यांचं बरं करो, तुमचंबी करो.

रोज चहा झाला की मी ह्यांच्या हातावर गोळ्या ठिवते, पाणी देते, ह्ये गिळत्यात. मग मी म्हणते, तोंड उघडा. ह्ये म्हणत्यात, अजून इस्वास न्हाई का गं माझ्यावर? न्हाई म्हणते मी, उघडा. उघडत्यात. जीभ वर करा म्हणते, करत्यात. बघते आन् मग कामाला जाते.