कानामागची खपली

डिसेंबर २००४, जर्सी सिटी. बस उशिरा होती, म्हणून मी कान टवकारले. रांगेत पुढे दोन कृष्णवर्णीय बायका होत्या, दोघींच्या डोक्याला आफ्रिकन छापाचे रुमाल घट्ट गुंडाळलेले. त्यांचं इंग्रजी मी माझ्या मराठीत लिहितेय.

“रोन्डा, आज हॉलमध्ये तूच बोलणार ना? आपले केस उगवतात तसेच सुंदर आहेत, यावर?”

“हो, मिस ओडेसा.”

“मग तिथे रुमाल सोड. पोरींना केस दिसू देत.”

“नको. थंडी आहे.”

“हॉलमध्ये हीटर आहे.”

“आज केस नीट नाहीत.”

“कानामागे काय झालंय तुझ्या?”

“कुठे? ते होय, कानातलं लागलं.”

“कानातल्याने अशी खपली धरत नाही. केस सरळ करायच्या क्रीमने भाजलंय ते. कधी लावलंस?”

“शनिवारी. नोकरीचा इंटरव्ह्यू होता. तुम्ही सगळ्यांना सांगणार?”

“गेल्या वर्षी केस सरळ केले म्हणून डेल्फीनला स्टेजवरून कोणी उतरवलं?”

“मी. पण मत घेतलं तेव्हा हात तुम्हीही वर केला होता.”

“केला होता.”

“मिस ओडेसा, एवढ्याशा खपलीवरून तुम्हाला कसं कळलं?”

“बस आली. चढताना माझ्या मागेच राहा.”

“का?”

“माझा रुमाल वर सरकलाय. जरा खाली ओढ, दोन्ही कान झाकले जाऊ देत.”