दुसरी मंजुरी

मुलगी : परत दाखवा. सावकाश.

टेस्टर : हे बघा मॅडम, स्क्रीनवर. चष्म्याची काच घासून झाली, नंबर तपासला, माल सोडायला मंजुरी मिळाली. मंजुरी देणारे, तुमचे बाबा.

मुलगी : बाबांना जाऊन महिना उलटला. ही मंजुरी कालची आहे.

टेस्टर : म्हणून तर तुम्हाला बोलावलं. मला आधी वाटलं, मी तपासतोय ते नवं सॉफ्टवेअरच गंडलंय. चाचणी परत घेतली. पण ते बरोबर चाललंय. कोणीतरी बाबांचा पासवर्ड टाकून आत येतंय.

मुलगी : क्लाउडवरचं म्हणजे कुठूनही येता येतं ना? घरी लोळत, मोबाइलवरून?

टेस्टर : येतं. पण हे सगळं बाबांच्याच खोलीतल्या कॉम्प्युटरवरून झालंय.

मुलगी : त्या खोलीची किल्ली एकट्या काकांकडे असते.

(काका दार ढकलून आत येतात. हात कोपरापर्यंत काचेच्या पांढऱ्या भुकटीने माखलेले.)

काका : काय गं, तोंडं का अशी दोघांची? मी नापास झालो वाटतं परीक्षेत?

मुलगी : बाबांच्या नावाने मंजुऱ्या कोण देतंय, काका?

काका : मी.

मुलगी : इतकं सहज सांगताय?

काका : मग काय, शपथ घेऊन सांगू?

मुलगी : माल न बघता सोडायचा, आणि उद्या कोणाला भलत्याच नंबरचा चष्मा गेला, की नाव माझ्या बाबांचं. सोय चांगली आहे.

काका : जीभ आवर. बघतो मी. प्रत्येक काच दोनदा बघतो.

मुलगी : दोनदा कशाला?

काका : तुझ्या बापाचा कायदा. पहिली मंजुरी माझी, दुसरी त्याची. या साहेबांना विचार, त्यांच्या डोक्यावर बसून या यंत्रात घालून घेतला त्याने.

टेस्टर : खरंय. एकाच माणसाला दोन्ही मंजुऱ्या देता येऊ नयेत, असं त्यांनी मला बजावलं होतं.

काका : तो गेला आणि हे यंत्र अडून बसलं. दुसरा माणूस आणा म्हणे. कुठून आणू?

मुलगी : मला सांगायचं.

काका : तू त्या खोलीच्या दाराशीही थांबत नव्हतीस. कधी सांगणार होतो?

मुलगी : दोनदा बघता, हे मी कशावरून मानायचं?

टेस्टर : मध्ये बोलतो, पण यात वेळ दिसते. नुसतं बटण दाबायचं असतं, तर दोन्ही मंजुऱ्या लागोपाठ पडल्या असत्या. मध्ये बरंच अंतर आहे. आणि ही काच बघा. पहिल्यांदा पास, दुसऱ्यांदा नापास.

मुलगी : म्हणजे काकांनी पास केली, आणि बाबांच्या नावाने त्यांनीच नापास केली?

काका : त्याच्या खुर्चीत बसलं की त्याच्यासारखं बघावं लागतं. तिथून माझं काम जरा गबाळंच दिसतं.

मुलगी : तरी डोळे एकाच माणसाचे, काका. एकदा निसटलेली चूक दुसऱ्यांदाही निसटेल.

काका : निसटेल. झोप काय उगाच उडालीय माझी?

टेस्टर : मॅडम, चाचणी संपवून हे कायमचं चालू करायचं, तर बाबांचं खातं बंद करावं लागेल. दुसऱ्या मंजुरीला कोणाचं नाव घालू?

मुलगी : माझं. काका, कालचा माल गेला?

काका : नाही. खोक्यांत आहे.

मुलगी : खोकी उघडा. एकेक काच माझ्यासमोर तपासायची. आणि कसं बघायचं ते मला शिकवायचं.

काका : म्हणजे संशय आहेच अजून.

मुलगी : आहे.

काका : बरं झालं. दादालाही होता, शेवटपर्यंत. चल, खोली उघडतो, बस त्याच्या खुर्चीत. दिवा जरा जवळ ओढ.