इंद्रजितचं पाणी अन् काकूची म्हैस

...अन् म्हणं पाणी गोठंल! धाराशिवात! हितं रसवंतीवाला बर्फाची लादी भुशात घालून गोणपाटात गुंडाळतो तरी दुपारपतोर टिकत न्हाय, तुमाला सांगतो, अन् आमचा भाचा इंद्रजित म्हणतो, "मामा, वर लई गारठा असतो. पंखातल्या पाण्यात हे न गोठायचं औषध आठवणीनं घाला." त्याचं ते ग्लायडर, बिनइंजिनाचं विमान! वजन असलं की जोरात पळतं म्हणून पंखात पाणी भरायचं, अन् उतरायच्या आधी वरूनच सोडून द्यायचं. भरायचं कुणी? टँकरवाल्या मामानं!

आता ते सोडलेलं पाणी पडतं कुठं? धावपट्टीच्या कडंला, कस्तुराकाकूच्या कडवळात, म्हशीच्या चाऱ्यावर! काकू सकाळीच दारात. "बब्रुवान, त्या औषधानं माजी म्हैस मेली तर रं?" डब्यावर बघितलं, तर खरंच कवटीचं चित्र! काकूचं घरच त्या म्हशीच्या दुधावर चालतं हो! म्या शब्द दिला, "काकू, औषधाचा एक थेंब पडायचा न्हाय." डबा टँकरच्या शिटाखाली सारला अन् भरलं साधं पाणी. धाराशिवात पाणी गोठतं का, तुमीच सांगा!

पोरगं वर गेलं... अन् मला आठवलं! त्यानंच सांगितलं होतं, "एका पंखातलं गोठलं अन् दुसऱ्यातलं सांडलं, तर विमान एका अंगाला कलतं मामा." हे कधी आठवावं? तो घारीएवढा झाल्यावर! बहिणीला काय तोंड दाखवू? रामलिंगाला नारळ बोललो. ऊन मी म्हणत होतं अन् मला हुडहुडी! धाराशिवात पाणी गोठतं का... अरं गाढवा, वर धाराशिव असतंय व्हय?

आला! दोन्ही पंखांतनं सारख्या धारा सोडत आला. उतरल्या उतरल्या पाया पडला. "मामा, आज वर उचलणारी गरम हवाच न्हवती, लई वर गेलोच न्हाय. पण तुमी औषध घातलंय म्हणून बिनघोर होतो." मेल्याहून मेल्यासारखं झालं हो! सांगणारच होतो, खरंच, तोंड उघडलं होतं... तेवढ्यात काकू वाटीभर ताजा खवा घेऊन, "बब्रुवान, शब्दाला जागलास बाबा!" आता ह्याच्यादेखत तिला काय सांगू, अन् तिच्यादेखत ह्याला?

उघडलेल्या तोंडात खवा घातला. इंद्रजित म्हणतो, "मामा, उद्या हवा चांगली हाय, दुप्पट वर जातो!" काकू म्हणती, "मग उद्या म्हैस तितंच बांधते!" डबा आजून शिटाखालीच हाय... धाराशिवात पाणी... जाऊ द्या. उद्या कुणाचा टँकर मोकळा हाय का, तेवढं सांगा!